कळंबचा माळ आणि भांडवलाचा शोध



बारामतीहून इंदापूरच्या बाजूस निघाले की, नीरेच्या डाव्या कालव्याची सोबत बराच वेळ सुटत नाही. कळस, कळंब, लासुर्णे हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. पाऊस वेळेवर येईल याची हमी पूर्वी कोणी देत नसे, आजही देत नाही. 1876-77 च्या दुष्काळाने या भागाची जी दैना केली तिच्यानंतर भाटघरचे धरण आणि हा कालवा झाला. कालव्याची लांबी सुमारे 100 मैल. पाणी आले, पण पाणी आल्याबरोबर शेती पालटली असे जर कोणाला वाटत असेल, तर ती समजूत चुकीची आहे. पाऊस बरा झाला तर शेतकरी कालव्याकडे ढुंकून पाहत नसे, आणि पाऊस गेला की सर्वांनाच एकदम पाणी हवे असे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी विश्वेश्वरय्या पुण्यास अभियंता असताना त्यांनी याच कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत सुरू केली. ठराविक क्षेत्र, ठराविक वर्षांच्या कराराने, ठराविक पाण्याचे हक्कदार करावयाचे, ही ती कल्पना. पाण्याला शिस्त लागली. परंतु उसाला पाण्याहून अधिक काही लागते. खत लागते, मजूर लागतात, आणि वर्षभर पैसा गुंतवून ठेवण्याची ताकद लागते. ती ताकद येथील कुणब्याजवळ नव्हती.

आजचा विषय तेथूनच सुरू होतो. नवा धंदा काढणारा माणूस साधने कोठून आणतो? आज तरुण मंडळी ज्याला 'स्टार्टअप' म्हणतात त्याची चर्चा ऐकली म्हणजे असे वाटते की, ही काही अगदी नवी विद्या आहे. या व्याख्यानमालेच्या परंपरेचे जनक न्यायमूर्ती रानडे यांनी 1890 साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविली, तेव्हाही प्रश्न हाच होता. देशात पैसा नाही असे नव्हे. तो सोन्यात, सावकारीत आणि सरकारी रोख्यांत बसून आहे, त्याला बाहेर कसा काढावयाचा?

कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे करणारे शेठ वालचंद हिराचंद (1882-1953) हे सोलापूरच्या व्यापारी, सावकारी घराण्यातले. तेव्हा त्यांनी शून्यातून सुरुवात केली असे म्हणणे खरे नाही, आणि अशा आख्यायिका मला आवडतही नाहीत. घरी पैसा होता, पत होती. नव्हते ते त्या कामाचे ज्ञान. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सुटलेले. वडिलार्जित व्यापारात मन रमेना. अशा वेळी त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक भेटले. फाटक रेल्वेतले कारकून. कंत्राटांची कामे कशी निघतात, मोजमाप कसे होते, बिले कोठे अडतात हे सारे त्यांना पाठ, मात्र हाती भांडवल नाही. एकाजवळ पैसा आणि दुसऱ्याजवळ अनुभव, अशी ही जोडी जमली. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सुमारे 7 मैलांच्या तुकड्याचे काम त्यांनी घेतले. अडीच फुटी रुंदीची ती चिमुकली गाडी! पण पुढे बोरघाटातील बोगदे खोदणाऱ्या माणसाची शाळा तीच. मोठे काम मागावयाचे तर आधी लहान काम करून दाखविलेले असावे लागते, ही गोष्ट फाटकांच्या सहवासात वालचंद शिकले.

दुसरी गोष्ट ते शिकले ती दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंची किंमत ओळखण्याची. पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे जहाज, जे युद्धात रुग्णनौका म्हणून वापरले होते, विक्रीस निघाल्याचे त्यांच्या कानावर आले. नवे जहाज तेव्हा पैसे मोजूनही मिळत नव्हते. नरोत्तम मोरारजी प्रभृतींना बरोबर घेऊन त्यांनी ते घेतले, सिंदिया कंपनी काढली, आणि 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनच्या वाटेला लागली. जुनी बोट घेऊन इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीशी झुंज मांडणे हे व्यवहाराच्या पुस्तकात बसणारे नव्हते. भाडी पाडून नवख्याला बुडविण्याचा खेळ इंग्रज कंपन्यांनी वर्षानुवर्षे खेळला. सिंदिया टिकली, पण त्या टिकण्याची किंमत भागधारकांनी मोजली, हेही नमूद केले पाहिजे.

आता कळंबकडे येऊ. मार्सलँड प्राइस ही 1908 साली स्थापन झालेली बांधकामाची कंपनी वालचंदांच्या हाती आली होती. कंत्राटदाराजवळ काय असते? माणसे असतात, यंत्रे असतात, तंबू ठोकून माळावर राहण्याची सवय असते. आणि एक काम संपले की दुसरे मिळेपर्यंत हे सारे रिकामे बसते. माळ फोडणे, चर खणणे, रस्ते काढणे, ही शेतीची पूर्वतयारी म्हणजे अशा कंपनीचे नेहमीचेच काम. नाशिक जिल्ह्यात रावळगावी शेतीचा अनुभव आधीच घेऊन झाला होता. कळंबला कालव्याचे पाणी होते. 1927-28 च्या सुमारास भाटघरचे नवे, मोठे धरण पुरे झाल्याने ते अधिक भरवशाचे झाले होते. राहता राहिला बाजार. जावाची साखर इतकी स्वस्त येई की, येथे कारखाना काढणे वेडेपणाचे ठरले असते. 1932 च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षक जकातीचा आडोसा मिळाला आणि चित्र पालटले. 1931-32 साली हिंदुस्थानात सुमारे 30 साखर कारखाने होते. पाच-सहा वर्षांत ते 130 च्या वर गेले. त्या लाटेतच कळंबचा कारखाना झाला आणि गावाला वालचंदनगर हे नाव पडले.

त्याच वेळी नीरेच्या पलीकडल्या अंगाला, उजव्या कालव्यावर, दुसरा एक प्रयोग चालू होता. आणि माझ्या मते तो तितकाच थोर आहे, जरी त्याची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. सासवडचे माळी बागाईतदार कालव्याच्या पाण्यामागे घरदार सोडून खाली सरकलेले. ऊस कसा करावा हे महाराष्ट्राला त्यांनी शिकविले. जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा या शेतकऱ्यांनी रडत न बसता आपसात भाग गोळा केले आणि 1932 साली सासवड माळी शुगर फॅक्टरी नोंदवून माळीनगर वसविले. इंग्रजी न येणाऱ्या शेतकऱ्यांनी जॉइंट स्टॉक कंपनी काढली! वालचंदांना पत वारशाने मिळाली होती. माळ्यांनी ती एकमेकांच्या शब्दावर निर्माण केली. पुढे 1950 साली प्रवरेला सहकारी साखर कारखाना निघाला, त्याच्या आधी अठरा वर्षे हे घडले होते.

वालचंदनगरात मोलाची ठरली ती कारखान्याच्या पोटात वाढलेली कर्मशाळा. माळावर यंत्राचा दाता मोडला तर मुंबईहून माणूस यावयास दिवस लागत आणि तोवर तोडलेला ऊस वाळत पडे. म्हणून दुरुस्ती जागच्या जागी करणे भाग. दुरुस्ती करता करता सुटे भाग, सुट्या भागांवरून यंत्रे, आणि स्वातंत्र्यानंतर पुरे साखर कारखानेच येथे घडू लागले. इस्रोच्या अग्निबाणांची कवचे या माळावर बनली, त्याचे मूळ ऊस वाळू नये या धडपडीत आहे. स्वतः वालचंदांचे मात्र सगळे साधले नाही. 1940 साली म्हैसूर सरकारच्या साह्याने बंगळुरास काढलेला विमानांचा कारखाना दोन वर्षांत युद्धाच्या निकडीने सरकारने आपल्या हाती घेतला.

एक साधन मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. जमीन. साखर कंपन्यांनी मळ्यांसाठी जी जमीन मिळविली, तिच्यातील पुष्कळशी विकत नव्हे तर खंडाने घेतलेली होती. एरवी जमीनदार मोठा आणि कूळ गरीब. येथे मालक दोन-चार एकरांचा शेतकरी आणि कूळ म्हणजे लक्षावधींची कंपनी. असा उलटा संसार! 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हा कंपन्यांचे मळे सरकारने घेतले आणि 1963 साली ते शेती महामंडळाच्या स्वाधीन केले. त्यात खंडाने दिलेली जमीनही गेली. आपण तर जमीन विकली नव्हती, मग ती गेली कशी, हे खंडकऱ्याला कोणी समजावून सांगू शकले नाही. त्याने अर्ज केले, मोर्चे काढले, न्यायालये पाहिली. कायद्यात दुरुस्ती होऊन जमिनी परत मिळू लागल्या त्या 2012 च्या सुमारास. तोपर्यंत ज्यांनी खंडपत्रावर अंगठा उठविला होता त्यांची नातवंडे म्हातारी झाली होती.