व्रणोपचार, सूक्ष्मजीवी (मधुमेहातील)

मधुमेही रुग्णाच्या चिघळलेल्या जखमेवर उपकारक जिवंत सूक्ष्मजंतू लावून ती भरून आणण्याचा उपचार. जोसेफ लिस्टर यांनी कार्बॉलिक अम्लाचा वापर १८६७ मध्ये प्रसिद्ध केल्यावर जखमेतील जंतूंचा नाश करणे हेच शस्त्रक्रियेचे सूत्र ठरले. याउलट, लॅक्टिक अम्ल निर्माण करणारे जंतू अपायकारक जंतूंना आवर घालतात, हा विचार इल्या मेचनिकॉव्ह यांनी १९०७ मध्ये मांडला. मात्र तो आतड्यापुरताच होता.

मधुमेहात तंत्रिका व रक्तवाहिन्या विकृत झाल्याने पायाच्या जखमा लवकर भरत नाहीत. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू त्यांत वाढल्यास प्रसंगी पाय कापावा लागतो. अर्जेंटिनातील तूकूमान येथील संशोधकांनी उंदरांच्या भाजलेल्या त्वचेवर लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम लावून स्यूडोमोनस एरुजिनोझा या जंतूची वाढ रोखली (२००५). मधुमेही रुग्णांच्या पायांवरील व्रणांसंबंधीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्ये २०१८ साली लॅक्टोबॅसिलस र्यूटेरीच्या जनुकीय बदल केलेल्या वाणाने उंदरांच्या जखमा अधिक जलद भरल्या.

मानवी चाचण्या अल्प असल्याने हा उपचार अद्यापि प्रायोगिक आहे. जखमेची स्वच्छता, रक्तशर्करेचे नियंत्रण व पायावरील भार कमी करणे यांना तो पर्याय ठरत नाही.