वजनाच्या ऑपरेशनची गोष्ट

‘खाते म्हणून फुगते’ हा टोमणा आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी बायांनी ऐकलाय. भरीत-भाकरीच्या पंगतीत दुसरी भाकरी मागायची चोरी! आज त्याच दुखण्यावरच्या ऑपरेशनचा इतिहास सांगते.

१९५० च्या दशकात अमेरिकेत लहान आतड्याचा मोठा भाग वगळून जोडणी करायला सुरुवात झाली. वजन उतरलं, पण जुलाब, मुतखडे, यकृताचे आजार मागे लागले. डॉ. एडवर्ड मेसन यांनी पाहिलं, की अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बाया बारीकच राहतात. त्यावरून त्यांनी १९६६ मध्ये जठर लहान करून आतड्याला जोडलं. त्यातूनच आजचा बायपास घडत गेला.

१९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढे वजनाची ऑपरेशनंही बारीक छिद्रांतून होऊ लागली. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना भूक वाढवणारा हार्मोन सापडला, तो मुख्यतः जठरात तयार होतो. म्हणजे भूक हा नुसता जिभेचा दोष नाही!

आता रोबोट आला. तो आपल्या मनानं कापत नाही. डॉक्टर जवळच बसून त्याचे हात चालवतात. दुर्बिणीपेक्षा वजन जास्त उतरतं असं नाही, खर्च मात्र वाढतो.

२०१७ मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली. पंचवीस वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. ऑपरेशन झालं, पण वजन किती उतरलं यावर तिची बहीण आणि डॉक्टर यांचं जुळलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात अबुधाबीत ती गेली. दुखणं इतकं वाढेपर्यंत थांबू नये, हे मला त्यातून कळलं.

उंचीच्या मानानं वजन फारच वाढलं, किंवा शुगर असेल तर त्याहून कमी वजनावरही, आपल्याकडे डॉक्टर या ऑपरेशनचा विचार करतात. पण त्यानंतर लोह, बी-१२ च्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात. हे आधी विचारा.

आणि हो, पुढच्या पंगतीत कुणाच्या ताटाकडे पाहून हसू नका. तिला दवाखान्यात सोबत करा.