आडनावातला 'नीस'

गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी करायला बसलो होतो. जोशी, कुलकर्णी, चिटणीस, फडणीस, सबनीस, पारसनीस... नावे लिहून घेणारी शाळकरी मुलगी मध्येच थांबली. "काका, हे 'नीस' म्हणजे काय हो?"

म्हटले, शब्द फारसी आहे. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. मराठीच्या तोंडी बसता बसता त्याचा 'नीस' झाला. पत्रे लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा पारसनीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा पोतनीस.

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे ही नावे आपली नाहीत?"

हा प्रश्न बऱ्हाणपुरात विचारला गेला, हे बरे झाले. फारुकी सुलतानांची ही राजधानी, पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे. दख्खनच्या सुलतानशाह्यांप्रमाणे येथेही दरबारी कागद फारसीत चालत. दफ्तरात काम करायचे तर ती भाषा यावी लागे. पूर्वजांनी ती आत्मसात केली, कामे मिळवली आणि कामाचे नाव घराला चिकटले.

1674 साली राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी पदांना संस्कृत नावे दिली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत. राज्यव्यवहारकोशही तयार करवून घेतला. पण दफ्तरातला शब्द बदलला तरी घराचे नाव बदलले नाही. मुजुमदार आणि डबीर आजही आपल्यात आहेत. पुढे पेशवाईत तर पदाने मूळ आडनावच झाकून टाकले. नाना फडणवीस मुळात भानू, हे आज किती जणांच्या लक्षात असते?

इंग्रजांकडेही हेच घडले. 'क्लार्क' हे आडनाव लॅटिनमधल्या 'क्लेरिकस' म्हणजे धर्मसेवक या शब्दावरून आले. त्या काळी तिकडे लिहिता-वाचता येणारे बहुधा चर्चचेच असत, म्हणून लेखनिकालाही तेच नाव मिळाले. आपला चिटणीस आणि त्यांचा क्लार्क तसे एकाच धंद्यातले!

मुलीला मी आपल्या जामा मशिदीची आठवण करून दिली. राजा अली खान फारुकीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या त्या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. चारशे वर्षांहून अधिक काळ दोन्ही एकाच वास्तूत नांदत आहेत. त्यातला परका कोणता, हे या गावात कोणी विचारत नाही.

1760 मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले, मग शिंद्यांकडे, शेवटी इंग्रजांकडे. राज्ये गेली, ती पदेही गेली. लिहिणाऱ्याचे नाव तेवढे मागे राहिले. ते आपलेच, कारण ते आपल्या माणसांनी लिहून-वाचून कमावले.

मुलीने मान डोलावली आणि यादीत पुढचे नाव लिहिले. त्या घटकेला आमच्या मंडळाची 'नीस' तीच होती.