पूस-कॅफे

वेगवेगळ्या घनतेची लिक्युअर एकमेकांत मिसळू न देता, एकावर एक थर राहतील अशी अरुंद पेल्यात ओतून केलेले मिश्रपेय. फ्रान्समध्ये जेवणानंतर कॉफीपाठोपाठ घ्यायच्या मद्याला हे नाव होते. रंगीत थरांचे पेय म्हणून ते एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बारमध्ये रुळले. अमेरिकन बारटेंडर जेरी टॉमस यांच्या 1862 मधील मिश्रपेयांच्या पुस्तकात त्याच्या कृती आढळतात.

थर टिकतात ते मुख्यतः साखरेमुळे. पाण्याची घनता 1 धरली तर शुद्ध अल्कोहोलची सुमारे 0.79 भरते; म्हणजे अल्कोहोल द्रव हलका करते, तर साखर जड. लिक्युअर हे मुळातच गोड मद्य. युरोपीय नियमांनुसार त्यात साधारणपणे लिटरला किमान 100 ग्रॅम साखर हवी. नावात ‘क्रेम द’ असेल तर 250, आणि ब्लॅककरंटच्या क्रेम द कासीसमध्ये 400. त्यामुळे कासीस तळाशी जाते आणि साखर नसलेले चेरीचे मद्य किर्श वर तरंगते. ‘जास्त कडक ते वर’ हा सोपा नियम मात्र फसवा आहे. कालुआ या कॉफीच्या लिक्युअरमध्ये पूर्वी 20 टक्के अल्कोहोल असे, तरी ते 17 टक्क्यांच्या बेलीज या सायीच्या लिक्युअरखाली बसे, कारण कालुआत साखर अधिक. रंगावरून तर काहीच ठरत नाही.

या प्रकारातले आज सर्वांत परिचित पेय म्हणजे बी-52: तळाला कालुआ, मध्ये बेलीज, वर संत्र्याचे लिक्युअर ग्रां मार्निए, प्रत्येकी 20 मिलि. बेलीज बाजारात आले 1974 मध्ये. त्यामुळे हे पेय त्यानंतरचेच. जुने सहा-सात थरांचे पेले पाहायला देखणे, पण पिताना बहुतेक नुसते गोड लागतात. बी-52 चे तिन्ही थर एका घोटात चवीलाही जुळतात, म्हणून ते टिकले.

घरी करताना सर्वांत जड द्रव आधी ओतावा. मग चमचा पालथा धरून त्याचे टोक पेल्याच्या आतल्या बाजूला टेकवावे आणि पुढचा द्रव चमच्याच्या पाठीवरून अगदी बारीक धारेने सोडावा. दर थरानंतर चमचा पुसावा. बर्फ घालू नये. बाटल्या एकाच तापमानाच्या असाव्यात. एकाच प्रकारच्या लिक्युअरमध्ये कंपनीगणिक साखर बदलते, म्हणून छापील क्रमावर विसंबण्यापेक्षा दोन-दोन द्रव थोडे थोडे घेऊन कोणता खाली जातो ते आधी पाहावे. थर कायमचे नसतात. सीमा हळूहळू पुसट होतात, तेव्हा पेला भरताच द्यावा. सायीच्या लिक्युअरला लिंबासारखे आंबट लागले तर ते फाटते. वरचा थर पेटवून देण्याचा बारमधला प्रकार घरी करू नये. पेल्याची कड आणि ओठ, दोन्ही भाजतात.

गोवा-कोकणात घरच्या घरी दोन थर जमवायचे तर अमृतकोकमाचा साखरपाक तळाला आणि वर काजूची फेणी पुरते. फेणीत साखर नसल्याने ती सहज तरंगते. कोकमाचे आगळ मात्र घेऊ नये, ते खारट असते.

महाराष्ट्रात अशा मद्यांसाठी परवाना लागतो आणि वयाची 25 वर्षे पूर्ण असावी लागतात.