पेटी कुणाच्या पट्टीत?

आपल्या भागात महिला भजनी मंडळ नाही असं गाव सापडणं कठीण. एकादशीला, गणपतीत, सप्ताहात आपण बायका गातो. टाळ आपल्या हातात असतात, पाठांतर आपलं असतं. पण पेटीवर कोण बसतं? पखवाज, तबला कोण वाजवतं? बहुतेक ठिकाणी गावातले एखादे बुवा, नाहीतर कुणाचा तरी मुलगा. ते आले तर भजन, ते शेतावर अडकले तर नुसत्या टाळ्या. पट्टीही तेच धरतात. ती आपल्या गळ्याला झेपली तर ठीक, नाहीतर वरच्या ओळीला निम्म्या जणी गप्प होतात.

आमच्या गटानं यंदा ठराव केला की मंडळाची स्वतःची पेटी आणि तबला घ्यायचा. खरेदीसाठी आम्ही सातजणी मुंबईला जाऊन आलो. जाण्याआधी आणि आल्यावर आम्ही या वाद्यांचा इतिहास वाचला, जाणत्यांना विचारला. तोच आज सांगतो आहोत, कारण शहरात वाद्यांचं दुकान शोधायचं किंवा गाणं ऐकायला जायचं, तर तिथं बाईला जागा कशी मिळाली हेही आपल्याला माहीत असावं.

आधी पेटीची गोष्ट. देवळातली पेटी आपल्याला इतकी घरची वाटते की ती परदेशातून आली हे पटत नाही. एकोणिसाव्या शतकात, १८४० च्या सुमारास, पॅरिसच्या आलेक्सांद्र दबेन यांनी हार्मोनियम या नावानं हे वाद्य पुढे आणलं. ते पायानं भाता मारून वाजवायचं होतं. इंग्रजांच्या काळात ते आपल्या देशात आलं. आपल्याकडे गाणारे-वाजवणारे जमिनीवर मांडी घालून बसतात, त्यांना पायाचा भाता कसा चालणार? म्हणून कलकत्त्याला द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी एका हातानं भाता मारता येईल अशी लहान पेटी केली. ती उचलून नेता येते, आवाज मोठा आणि सूर पक्का. तंबोऱ्यासारखी घडोघडी जुळवावी लागत नाही. म्हणून नाटक कंपनीपासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांनी ती उचलली. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी तर पेटीला साथीपुरतं न ठेवता मैफलीचं वाद्य केलं.

एक गंमत सांगतो. तुम्ही हे रेडिओवर ऐकता आहात ना? याच रेडिओवर एके काळी पेटीला बंदी होती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं पेटी वाजवणं बंद केलं. कारण असं दिलं जाई की पेटीचे सूर ठरलेले असतात, आपल्या गाण्यातली मींड आणि बारीक श्रुती तिच्यावर निघत नाहीत. ही बंदी १९७१ साली थोडी सैल झाली. तीस वर्षं मोठ्या लोकांनी तिला दाराबाहेर ठेवलं, पण गावोगावच्या भजनातून तिला कुणी हलवलं नाही.

आता मुंबईकडे वळू. मुंबईत गाणं शिकवायच्या आणि ऐकायच्या जागा गेल्या दीडशे वर्षांत उभ्या राहिल्या. १८७० साली पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी काढली. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि १९०८ साली ते मुंबईत आणलं. गिरगावात लक्ष्मीबागेत मैफली होत. तिथून जवळच ऑपेरा हाऊसपाशी प्रोफेसर देवधरांचं संगीत विद्यालय होतं. कुमार गंधर्व तिथंच शिकले.

जिथं शिकणारे आणि वाजवणारे, तिथं वाद्यांची दुकानं. धोबी तलावाला गोव्याहून आलेले ख्रिस्ती वादक गावाच्या कूडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांत राहत. व्हायोलिन, ट्रम्पेट वाजवणारे हे लोक पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदात भरले. त्याच भागात फुर्टाडोस हे १८६५ सालचं दुकान आहे, तिथं पियानो, गिटार अशी पाश्चात्त्य वाद्यं मिळतात. आपल्या पेटी-तबल्यासाठी दादर. तिथं हरिभाऊ विश्वनाथ यांचं नाव १९२५ पासूनचं. म्हणजे मुंबईत जाऊन नुसतं "वाद्यांचं दुकान कुठे?" असं विचारू नका. कोणतं वाद्य हवं ते आधी सांगा, मग रस्ता बरोबर सापडतो.

या सगळ्या जागांत बाई कुठे होती? गाणारी बाई होती, पण घरंदाज म्हणवणाऱ्या बाईनं चारचौघांत गाणं लोकांना मान्य नव्हतं. जी गायची तिच्या गाण्याला मान आणि तिला मात्र नावं ठेवायची, अशी रीत. गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या कितीतरी बायका मुंबईला आल्या. केरी गावच्या केसरबाई केरकर आणि कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर त्यांतल्याच. दोघी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या. मोगूबाईंचं कुर्डी पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावाच्या खुणा दिसतात. धरणात गाव गेलेल्या आपल्या बहिणींना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. गाव बुडालं तरी गाणं राहिलं, लेक किशोरी आमोणकर यांच्या गळ्यातून साऱ्या देशानं ते ऐकलं. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानातल्या तबकडीवर पृथ्वीचा आवाज म्हणून गेली.

मिरजेला जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर यांचंही नाव घ्यायलाच हवं. तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत रंगमंचावर नीट बैठक मारून त्या गायल्या. नाच नाही, हावभाव नाहीत, फक्त गाणं. लोक तिकीट काढून आले आणि ऐकून गेले. आज आपण नाट्यगृहात सहज जाऊन बसतो, त्या खुर्चीची किंमत हिराबाईंच्या पिढीनं मोजली आहे.

गळा मान्य झाला, तरी वाद्याला आणखी वेळ लागला. तबला हे तर पुरुषाचंच काम समजलं जाई. मुंबईच्या आबान मिस्त्री यांनी ते मोडलं. १९४० साली जन्मलेल्या या पारशी बाईंनी तबला हाच आपला पेशा केला. तबल्याच्या आणि पखवाजाच्या घराण्यांवर त्यांनी मोठा ग्रंथही लिहिला. जरीन दारूवाला यांनी सरोद हातात घेतलं. अन्नपूर्णादेवी मुंबईतल्या आपल्या घरात राहून शिकवत आणि बासरीवाले हरिप्रसाद चौरसियांसारखे मोठे कलाकार त्यांच्यापुढे शिष्य म्हणून बसत. पुढे उस्ताद अल्लारखाँ यांच्या शिष्या अनुराधा पाल यांनी फक्त बायकांचा वाद्यवृंद उभा केला, त्याचं नाव स्त्री शक्ती. आपल्या गटाच्या पाटीवरही हेच शब्द असतात, नाही का?

तिकिटाशिवायचं गाणंही मुंबईत होतं. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी आपापल्या गावची भजनी मंडळं चाळीत चालू ठेवली. त्यांच्या जेवणाच्या खानावळी चालवणाऱ्या बायका मात्र पहाटेपासून भाकऱ्या थापत. भजन कानावर येई, मांडीवर टाळ घ्यायला सवड नसे. त्याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या आधीची ही वाट आहे.

आता आमच्या खरेदीचं. एका दुकानात शिरल्याबरोबर विचारलं गेलं, "ताई, वाजवणारे कुठायत? त्यांना घेऊन या." आमच्यातल्या शांताकाकू म्हणाल्या, "दादा, वाजवणाऱ्या आम्हीच. अजून शिकलो नाही एवढंच." तिथून निघालो आणि दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या कारागिरानं पहिला प्रश्न विचारला, "गाणार कोण, बायका की पुरुष?" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून नीट ऐका.

पेटीवर सगळ्या पट्ट्या असतात, त्यामुळे कुणाच्याही गळ्याप्रमाणे वाजवता येते. तबल्याचं तसं नाही. तो एका पट्टीत जुळवायचा असतो, थोडा खालीवर होतो इतकंच. पुरुष बहुधा पांढरी एक, काळी एक, काळी दोन अशा पट्टीत गातात. बायकांचा गळा साधारण पांढरी पाच, काळी चार, काळी पाच असा असतो. काळी चारचा तबला काळी एकच्या तबल्यापेक्षा तोंडाला रुंद असतो. म्हणजे गावातल्या बुवांच्या तबल्यावर गायचं तर आपल्याला त्यांच्या पट्टीत चढावं किंवा उतरावं लागतं. आपला आवाज फाटतो तो गळा वाईट म्हणून नव्हे. त्या कारागिरानं आम्हाला एकेकीला सा लावायला सांगितला. सातांपैकी पाचजणींचा काळी चारला नीट लागला. मग त्याच मापाचा तबला घेतला.

पेटी घेताना भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता सोडा. तो लगेच बसला तर हवा गळते आहे. प्रत्येक पट्टी हळू दाबून पाहा, दाबलेली पट्टी पटकन वर आली पाहिजे. सुरांबद्दल विचारा. पितळी सुरांसाठी गुजरातेतलं पालिताणा प्रसिद्ध आहे. सुरांच्या ओळींना खर्ज, नर, मादी अशी नावं आहेत. हे ऐकून आम्ही हसलो, पण दोन ओळींची पेटी म्हणजे बहुधा खर्ज आणि नर, हे कळलं. दुरुस्ती कुठे होईल, तबल्याची पुडी फाटली तर काय, हे पैसे देण्याआधी विचारा. दोन-तीन दुकानांतून लेखी दर घ्या, पक्कं बिल घ्या आणि वाद्यं गटाच्या नोंदवहीत चढवा. पावसाळ्यात पेटी ओलीपासून आणि उंदरांपासून जपा.

शहरात गेलाच आहात तर ऐकूनही या. आज कुठे काय आहे हे त्या दिवशीच्या मराठी वर्तमानपत्राच्या जाहिरातींत सापडतं. दादरचं शिवाजी मंदिर, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह, इथे चौकशी करा. वाद्यांच्या दुकानातही विचारा, कारण वाजवणारे तिथं रोज येतात-जातात. आणि वडाळ्याचं विठ्ठल मंदिर आहे, आषाढीला तिथं भजनांची रीघ लागते. जमलं तर बाई वाजवते आहे असा एखादा कार्यक्रम निवडा. तिचे हात बघा, ती पट्टी कशी धरते ते बघा.

आमच्या गावात आता दोघीजणी पेटी आणि एकजण तबला शिकते आहे. शिकवायला गावातले तेच बुवा येतात, मनापासून शिकवतात. आषाढीपर्यंत तीन अभंग काळी चारमध्ये बसवायचे असं ठरलं आहे. पेटीची किल्ली गटाच्या सचिवाकडे असते, आणि सचिव दर वर्षी बदलते. तुमच्या मंडळात पेटी कुणाकडे आहे आणि कोणत्या पट्टीत वाजते, हे येत्या बैठकीत एकदा विचारून बघा. नमस्कार.