अंकीय स्मृतिघटकांची आरंभस्थिती : टिफ्रॅक ते खोडद

प्रस्तावना

अंकीय इलेक्ट्रॉनिक्सच्या पाठ्यपुस्तकांत फ्लिप-फ्लॉपचे सत्यता कोष्टक देताना ‘आधीची अवस्था’ असा एक रकाना असतो. वीजपुरवठा नुकताच सुरू झाला आहे आणि त्यापूर्वी काहीच घडलेले नाही, अशा क्षणी त्या रकान्यात काय लिहावे, याविषयी ही पुस्तके बहुधा मौन बाळगतात. ‘प्रारंभी क्यू शून्य आहे असे मानू’ या एका वाक्यावर पुढचे सारे विवेचन उभे राहते. हे ‘मानू’ कोणाच्या भरवशावर मानावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आरंभीची अवस्था ही स्मृतिघटकाला निसर्गतः लाभलेली नसून ती त्या त्या काळी कोणीतरी पुरवावी लागली आहे. मात्र पुरविणारा बदलत गेला, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी महाराष्ट्रातीलच दोन यंत्रे समोर ठेवली आहेत. एक, टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत बांधलेला टिफ्रॅक संगणक. दुसरे, त्याच संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने जुन्नर तालुक्यात, म्हणजे लोणी परिसराच्या शेजारी, खोडद येथे उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण.

घाटमाथ्यावरचा थेंब

विल्यम एकल्स व फ्रँक जॉर्डन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१८ साली ज्या परिपथाच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो आजच्या फ्लिप-फ्लॉपचा मूळपुरुष होय. दोन निर्वात नलिका, प्रत्येकीचे निर्गत दुसरीच्या आदानाला जोडलेले. एक वाहू लागली की दुसरी बंद पडते, आणि दुसरी बंद असल्यामुळे पहिली वाहतच राहते. दोन्ही अवस्था सारख्याच स्थिर. वीज येते तेव्हा मात्र परिपथ यांपैकी कोणत्याही अवस्थेत नसतो. आहुप्याच्या घाटमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब वीतभर पश्चिमेस पडला तर कोकणात उतरतो, पूर्वेस पडला तर घोड नदीतून भीमेला मिळतो. तसाच हा प्रकार. दोन नलिकांच्या उत्सर्जनातील किंचित फरक, रोधांच्या मूल्यांतील तफावत, तपमान आणि विद्युत गोंगाट यांतून जो सूक्ष्म कल निर्माण होतो, तोच परस्पर-जोडणीमुळे वाढत जाऊन निर्णय ठरतो. म्हणून एखादा घटक शंभरदा एकाच बाजूला कलेल. पण एकशे एकाव्या वेळी तसेच होईल अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

टिफ्रॅक : दोन प्रकारच्या स्मृती

टिफ्रॅकची उभारणी रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्याआधी एक लहान प्रायोगिक यंत्र तयार करण्यात आले होते. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोध यांचा हा संसार होता. शब्दाची लांबी ४० बिट आणि मुख्य स्मृती फेराइट कड्यांची, आरंभी १,०२४ शब्दांची.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने टिफ्रॅकचे महत्त्व वेगळे आहे. भारतीय संगणनाचा इतिहास लिहिणारे सहसा त्याचा वेग आणि स्वदेशीपणा यांवरच थांबतात. परंतु या एकाच यंत्रात स्मृतीच्या दोन अगदी भिन्न जाती शेजारी-शेजारी नांदत होत्या. फेराइटचे इवलेसे कडे एकदा ज्या दिशेने चुंबकित झाले, त्या दिशेनेच राहते. वीज गेली तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते. त्यामुळे रात्री बंद केलेल्या यंत्राच्या कड्यांत सकाळी कालचाच कार्यक्रम असू शकतो. (वाचताना कड्यातील माहिती पुसली जाते व ती पुन्हा लिहावी लागते, त्यामुळे वीज जाता-येताना भलता प्रवाह तारांतून वाहिला तर जपलेले बिघडणारच.) नलिकांच्या नोंदकांचे तसे नव्हते. त्यांची आरंभीची अवस्था थेंबासारखीच. म्हणजे ज्या यंत्राला कालचे हिशेब स्मरतात, त्यालाच आपण आता कोणत्या आज्ञेपाशी आहोत हे ठाऊक नसते! ही उणीव त्या पिढीच्या यंत्रांत माणूस भरून काढी. नलिका तापून स्थिर होईपर्यंत थांबणे, नोंदके शून्यावर आणणे आणि कागदी पट्टीवरून कार्यक्रम भरणे ही चालकाची कामे होती. आरंभस्थितीचा काही भार चुंबकीय पदार्थावर, उरलेला माणसावर, अशी ही वाटणी होती.

अर्धवाहकांचे युग

इंटेलची ३१०१ ही ६४ बिटांची स्मृतिचिप १९६९ मध्ये व ११०३ ही १,०२४ बिटांची चिप १९७० मध्ये बाजारात आली. पुढील काही वर्षांत फेराइट कडी मागे पडली. स्मृती स्वस्त, लहान व वेगवान झाली, हे सर्वच इतिहासांत येते. वीज जाताच ती कोरी होऊ लागली, किंबहुना कोरीही नव्हे, तर निरर्थक एक-शून्यांनी भरून उठू लागली, याची मात्र फारशी चर्चा होत नाही. पदार्थाने उचललेला भार आता परिपथाच्या रचनाकाराकडे आला. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ज्यावर पिढ्या शिकल्या तो १९७६ चा ८०८५ सूक्ष्मप्रक्रियक याचे उत्तम उदाहरण आहे. वीजदाब पुरेसा झाल्यानंतरही किमान १० मिलिसेकंद त्याची रिसेट तार खाली धरून ठेवावी लागते. त्यानंतर आज्ञागणक शून्यावर येतो, हे खात्रीचे. संचयक व अन्य नोंदकांत काय असेल याची हमी निर्माता देत नाही. हा विलंब बहुधा एक रोध व एक धारित्र यांनी साधला जातो. वीज क्षणभरच गेली तर धारित्र पुरते रिकामे होत नाही, रिसेट मिळत नाही आणि यंत्र भलतीकडे धावत सुटते. भारनियमन व वीजदाबातील चढउतार अनुभवलेल्या आपल्या भागातील अध्यापकांना हा दोष प्रयोगशाळेत नवा नाही.

येथे किंचित विषयांतर करावेसे वाटते. विहिरीवरच्या तीन फेज मोटारीचा स्टार्टर हाही एका बिटाचा स्मृतिघटकच आहे. हिरवे बटण दाबले की संपर्कक मिटतो, आणि त्याचाच एक सहायक संपर्क गुंडाळीला वीज देत राहतो. बोट काढले तरी मोटार चालू राहते. वीज गेली की तो सुटतो, आणि परतल्यावर सुटलेलाच राहतो. फ्लिप-फ्लॉपप्रमाणे येथे संदिग्धता नाही. आरंभस्थिती निश्चितपणे ‘बंद’. पण वीज रात्री-अपरात्री येणार आणि जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्याचा वावर, अशा वेळी बटण दाबायला जायचे कोणी? म्हणून शेतकऱ्याने ऑटो स्विच बसविला व आरंभस्थिती ‘चालू’ करून घेतली. त्याला दोष देणे अवघड आहे. परंतु वीज येताच रोहित्रावरच्या साऱ्या मोटारी एकदम सुटतात, सुरुवातीचा प्रवाह नेहमीच्या कैकपट होतो आणि रोहित्र जळते. महावितरण ऑटो स्विच काढण्याचे आवाहन करीत आली आहे ते याच कारणासाठी.

खोडद : फाइलीत लिहिलेली सुरुवात

गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून साकारलेल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी, उरलेल्या १६ इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर. २००२ पासून ती जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली आहे. दुर्बिणीच्या पुढील श्रेणीवाढीत संकेतप्रक्रियेसाठी एफपीजीए चिपा व ग्राफिक्स प्रक्रियक यांची जोडी वापरण्यात आली. या जातीच्या एफपीजीएमध्ये केवळ माहितीच नव्हे, तर परिपथाची जोडणीदेखील अस्थायी स्मृतीत असते. वीज येते तेव्हा तिच्यात परिपथच नसतो. तो बाहेरून फाइलीच्या रूपाने भरावा लागतो. मात्र त्याच फाइलीत प्रत्येक फ्लिप-फ्लॉपची पहिली अवस्थाही नमूद असते. टिफ्रॅकच्या काळी चालकाच्या हाती असलेली गोष्ट आता लेखी दस्तऐवज झाली आहे.

या सोयीने एक नवा भ्रम मात्र रुजविला आहे. १९९३ च्या आयईईई ११६४ मानकाने व्हीएचडीएल भाषेत ‘यू’ हे खास मूल्य दिले, ज्याचा अर्थ ‘अद्याप काहीच ठरलेले नाही’. अनुरूपणात हा ‘यू’ दिसताच काही विद्यार्थी घोषणेतच शून्य लिहून तो घालवितात. एफपीजीएवर परिपथ बिनचूक चालतो, गुण मिळतात. तेच वर्णन कायमस्वरूपी चिपेत उतरविले तर तेथे फाइल नसते, शून्य भरणारे कोणी नसते आणि थेंब पुन्हा घाटमाथ्यावर येतो. प्रात्यक्षिक परीक्षेत रिसेट तारेसाठी स्वतंत्र गुण ठेवावेत, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

जी अनिश्चितता टाळण्यासाठी नऊ दशके धडपड झाली, तिचाच उपयोग करण्याची कल्पना २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आली. स्थितिक स्मृतीच्या चिपेला वीज देताच तिच्या हजारो पेशी ज्या नक्षीत स्थिरावतात, ती नक्षी प्रत्येक चिपेची वेगळी आणि बहुतांशी पुनःपुन्हा तीच येणारी असते. तिचा उपयोग बोटाच्या ठशासारखा ओळख पटविण्यासाठी होतो. आणि ज्या थोड्या पेशी दर वेळी वेगळ्या बाजूला कलतात, त्या यादृच्छिक संख्या मिळविण्यासाठी कामी येतात.