दहा मेगाहर्ट्झची ग्वाही

कॅलिफोर्नियातल्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९५१ साली ५२४ए हा फ्रीक्वेन्सी काउंटर बाजारात आणला आणि उच्च वारंवारता अचूक मोजायला लागणारा वेळ दहाएक मिनिटांवरून एक-दोन सेकंदांवर आला. अॅलन बॅगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या या काउंटरची युक्ती सरळ होती. आत क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारा एक ऑसिलेटर. त्याच्या आवर्तनांवरून नेमका एक सेकंद आखायचा, तेवढा वेळ गेट उघडं ठेवायचं आणि आत आलेल्या लहरी मोजायच्या. गेट मिटलं की आकडा तयार.

एवढं महागडं उपकरण खरं बोलतंय की नाही, हे कसं कळणार? त्यासाठी काउंटरमध्येच एक सोय असायची. नॉब ‘चेक’ या खुणेवर नेला की बाहेरचा सिग्नल तुटायचा आणि काउंटर स्वतःच्याच ऑसिलेटरपासून बनवलेली वारंवारता मोजू लागायचा. पुढच्या पिढ्यांत निऑन दिव्यांच्या जागी निक्सी नळ्या आल्या, नंतर एलईडी आले, पण ‘चेक’ टिकून राहिलं. पडद्यावर १०.०००००० मेगाहर्ट्झ उमटलं, शेवटचा आकडा फार तर एखाद्याने मागेपुढे झाला, की तंत्रज्ञ निर्धास्त होऊन कामाला लागायचा.

या चाचणीतली मेख मात्र नीट समजून घ्यायला हवी. समजा, स्फटिक सेकंदाला १०,०००,००० ऐवजी १०,०००,०१० आवर्तनं करतो आहे, म्हणजे दहा लाखांत एक इतका पुढे धावतो आहे. काउंटरचा ‘सेकंद’ याच स्फटिकावर आखलेला असल्यामुळे तोही तेवढाच आखूड होतो. आखूड सेकंदात जास्तीची आवर्तनं मोजली की उत्तर पुन्हा बरोबर १०,०००,०००. वाण्याचं माप त्याच मापाने मोजून पाहावं, तसा हा प्रकार. ऑसिलेटर चालू आहे, गेट उघडतं आणि मिटतं, मोजणीचे सगळे टप्पे धड आहेत, एवढं ‘चेक’ ठामपणे सांगायचं आणि दुरुस्तीच्या टेबलावर तेवढंही फार मोलाचं होतं. ऑसिलेटर अचूक आहे का, या प्रश्नाला मात्र ते उत्तर देऊच शकत नव्हतं.

ते उत्तर बाहेरून आणावं लागे. अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे सरकारी रेडिओ केंद्र १९२३ पासून प्रमाण वारंवारता प्रक्षेपित करत आलं आहे. शॉर्टवेव्ह रिसीव्हर लावायचा, त्यात आपल्या ऑसिलेटरचा सिग्नल मिसळायचा आणि दोन्हींच्या फरकातून होणारा चढउतार कानाने ऐकायचा. तो संथ होत होत थांबला की जुळणी झाली. पण लहरी आयनोस्फिअरवरून परावर्तित होऊन येत. तो थर स्वतः वरखाली होत असल्याने एक कोटीत एकापेक्षा बारीक फरक सहसा हाती लागत नसे. आणि १९६० च्या दशकातला ५२४५एल काउंटर तर दिवसाला अब्जात तीन भागांहून कमी सरकणारा क्वार्ट्झ घेऊन आला होता! मोजपट्टी एवढी सुधारली की ती तपासायला चांगली मोजपट्टीच उरेना.

या कोंडीतून बाहेर पडायचं तर आणखी एक स्वतंत्र साक्षीदार हवा होता, आणि तो पेटीच्या आतच आला तर उत्तम. १९६४ सालच्या ५०६०ए या सिझियम प्रमाणकात आणि त्यानंतरच्या ५०६१एमध्ये नेमकं हेच झालं. क्वार्ट्झ होताच, पण त्याच्यावर सिझियमच्या अणूंची नजर होती. क्वार्ट्झ ढळला की विद्युतदाबाने त्याला पुन्हा ओढून जागेवर आणलं जाई. ५०६१एच्या पुढच्या बाजूला एक काटा आणि बरीच घरं असलेला निवडनॉब असे: भट्टी, आयन पंपाचा प्रवाह, अणूंच्या झोताचा प्रवाह, सेकंड हार्मोनिक, कंट्रोल. यातलं ‘कंट्रोल’ हे घर सर्वांत बोलकं. क्वार्ट्झला जागेवर ठेवायला किती जोर लावावा लागतो आहे, ते तिथे दिसे. स्फटिक जुना होत जाई तसा काटा मध्यापासून एका बाजूला सरकत राही आणि तंत्रज्ञ क्वार्ट्झ हाताने जुळवून त्याला मध्यावर आणी. क्वार्ट्झचं म्हातारपण अशा रीतीने उपकरणाच्या आतच मोजलं जाऊ लागलं.

त्याच पॅनेलवर अखंड चालल्याची खूण सांगणारा एक दिवाही असे. नियंत्रण क्षणभर जरी सुटलं तरी तो विझे आणि नियंत्रण परत आल्यावरही आपोआप लागत नसे. कुणीतरी बटण दाबेपर्यंत विझलेलाच राही. ही आखणी करणाऱ्यांच्या दूरदृष्टीला दाद द्यायलाच हवी. घड्याळ आत्ता नीट आहे, एवढ्याने त्याच्या वेळेवर भरवसा ठेवता येत नाही. रात्री कुणी नसताना ते ढळलं होतं का, हेही कळावं लागतं. १९७१ साली हाफेले आणि कीटिंग यांनी सापेक्षतेच्या परीक्षेसाठी चार सिझियम घड्याळं प्रवासी विमानांतून जगभर फिरवली, ती ५०६१ए याच जातीची होती.

साध्या कामाच्या उपकरणांपर्यंतही ही विचारसरणी पोहोचली. १९७० च्या दशकातल्या ८६४०बी या सिग्नल जनरेटरमध्ये फिरवून जुळवायचा कॅव्हिटी ऑसिलेटर होता आणि शेजारीच त्याच्यावर लक्ष ठेवणारा काउंटर. लॉकचं बटण दाबलं की काउंटर त्याला धरून ठेवी. पकड सुटली की आकडे लुकलुकू लागत, म्हणजे समोर बसलेल्याला ते दिसल्यावाचून राहत नसे. त्या काउंटरचा आधार पुन्हा आतलाच एक क्वार्ट्झ, पण गरज पडल्यास बाहेरचं ५ मेगाहर्ट्झचं प्रमाण जोडायला सॉकेट दिलेलं होतं.

१९७७ मध्ये त्याच कंपनीचा ५००४ए सिग्नेचर अॅनलायझर आला आणि डिजिटल सर्किटमधल्या प्रत्येक बिंदूला चार अक्षरांची सही मिळाली. मायक्रोप्रोसेसर आल्यावर सुरू करताच उपकरणं स्वतःची मेमरी आणि पडदा तपासून घेऊ लागली. स्फटिक किती ढळला आहे, हे मात्र त्या प्रोसेसरलाही त्याच स्फटिकावर चालत असल्यामुळे कळत नाही. म्हणून आजही चांगल्या काउंटरच्या मागच्या बाजूला १० मेगाहर्ट्झचं बाहेरचं प्रमाण जोडायचं सॉकेट असतं, आणि अनेक प्रयोगशाळांत त्याला रुबिडियम प्रमाणकातून किंवा जीपीएसवर बांधलेल्या ऑसिलेटरमधून आलेली केबल जोडलेली असते.